कान्हेरीची टाकी

कान्हेरीला येणारी मंडळी थेट तिसऱ्या लेण्यात शिरतात, सात मीटर उंचीच्या बुद्धांसमोर उभे राहून फोटो काढतात आणि सावली शोधायला लागतात. मी नातवंडांना आधी टाकी दाखवतो. सगळी नोकरी पाणीखात्यात झाली, दुसरे सुचणार काय! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी चांगली आत आहेत. तिथवर बसने जायचे आणि मग कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी टेकडी चढायची. लहान पायांना तेवढे पुरते.

शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे इथे राबता होता. पण साष्टीतला पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरात निघून जातो. उरलेले आठ महिने एवढ्या मोठ्या संघाने प्यायचे काय? उत्तर जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी आहे. ओट्याच्या बाजूला कातळात चौकोनी तोंड, आत गार अंधार. वरच्या उघड्या खडकावर अरुंद पन्हळी कोरून पावसाचे पाणी त्या तोंडाकडे वळवलेले. नातीने बाटलीतले पाणी अशा एका पन्हळीत ओतले. क्षणभर थबकले, मग वळणाला वळले आणि मुकाट्याने टाक्याच्या दिशेने निघाले. उतार अजून शाबूत आहे. मी नोकरीत असताना हातभर पाइपचा उतार चुकवणारे ठेकेदार पाहिलेत, म्हणून मला या पाथरवटांचे जरा जास्तच कौतुक.

ही टाकी फुकट झाली नाहीत. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या लोकांची दाने शिलालेखांत नोंदलेली आहेत. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने एक टाके दिले. पाणी पाजण्याचे पुण्य आणि दगडावर नाव, दोन्ही एकाच खर्चात. सोनाराला हिशेब कळत होता! मला मात्र नवव्या शतकातला, शिलाहार राजा कपर्दीच्या काळातला एक लेख अधिक आवडतो. त्यातल्या दानात पूजेसाठी, चीवरांसाठी, पुस्तकांसाठी आणि डागडुजीसाठी निरनिराळ्या रकमा लावून दिल्या आहेत. डागडुजीचा पैसा वेगळा काढून ठेवणारा दाता मिळणे किती कठीण, हे सरकारी खात्यात काम केलेल्यांना विचारा.

नव्वदाव्या लेण्याशी थोरला हमखास थांबतो. तिथे पहलवी लिपीत पारशांनी आपली नावे कोरली आहेत, तारखांसकट: 1009 आणि 1021. लेणी बघायला आलेली मंडळी होती ती. "आजोबा, त्यांना कोणी ओरडलं नाही?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे, कारण भिंतीला खडू लावल्याबद्दल तो नुकताच बोलणी खाऊन आला होता.

माथ्यावरून हवा स्वच्छ असली की विहार आणि तुळशी हे तलाव दिसतात. 1850च्या दशकात मुंबईत पाण्याची इतकी ओरड झाली की गुरे शहराबाहेर हलवावी लागली. मग हेन्री कॉनिबेअरच्या योजनेनुसार मिठी नदी अडवून विहार बांधला. 1860 साली तो पुरा झाला. तुळशी 1879 सालचा. तलावांत घाण येऊ नये म्हणून भोवतालचा पाणलोट राखला गेला, आणि आज शंभरावर चौरस किलोमीटर असलेले हे उद्यान टिकण्यामागचे ते एक मोठे कारण आहे. बिबट्याच्या गोष्टी सगळे सांगतात, पाणीखात्याची आठवण कोणी काढत नाही. आता शहर भातसा-वैतरणेवर जगते. विहार-तुळशीचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के.

हे ऐकून थोरल्याने विचारले, मग भिक्खूंनी धरण का नाही बांधलं?

बांधले होते. लेण्यांमधून जो ओढा जातो, त्याच्या घळीवर जुन्या बांधाचे अवशेष आहेत. उतरताना दाखवतो म्हटले, पण आधी डबा खाऊन घ्या.