'वारंवार' म्हणजे किती वेळा? एका मसुद्याला बायांनी दिलेला नकार

 

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी गटाच्या बैठकीत ऐकला असेल. पण तो होण्याआधी सरकारने याच विषयावर दुसरा एक मसुदा आणला होता आणि त्याला विरोध केला तो महिला संघटनांनीच. बायांसाठी येणारा कायदा बायांनीच का अडवला, ते आज पाहू.

सुरुवात आपल्या विदर्भातूनच करू. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पोलिसांना सोडून दिलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असं कोर्टाने धरलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या लढाईतून एक गोष्ट पक्की कळली. कायद्यात 'संमती'सारखा एक शब्द कसा वाचला जातो, यावर बाईचं अख्खं आयुष्य ठरतं.

त्याच १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं. सासरी छळ करणाऱ्याला शिक्षा होऊ लागली. पण नवरा तुरुंगात गेला, तर बाईने राहायचं कुठे? लेकरांना काय घालायचं? मार आजच्या आज कसा थांबवायचा? याचं उत्तर त्या कलमात नव्हतं. म्हणून बाईला घर, खर्च आणि संरक्षण देणारा वेगळा कायदा हवा, अशी मागणी सुरू झाली. इंदिरा जयसिंग आणि त्यांच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या संस्थेने महिला संघटनांशी बोलून तसा एक मसुदाही तयार केला.

मार्च २००२ मध्ये सरकारने लोकसभेत आपलं विधेयक मांडलं. विधेयक म्हणजे मंजूर व्हायच्या आधीचा कायदा. नाव चांगलं होतं, 'घरातील हिंसाचारापासून संरक्षण'. पण संघटनांनी ते ओळ न् ओळ वाचलं, तेव्हा खोट दिसली.

पहिली खोट 'वारंवार' या शब्दात होती. नवरा वारंवार, म्हणजे सवयीने मारत असेल, तर तो हिंसाचार, असं त्यात लिहिलं होतं. आता सांगा, वारंवार म्हणजे किती डाव? पोळ्याला मारलं आणि दिवाळीला मारलं, तर ती सवय झाली का? एकदाच मारलं पण हात मोडला, तर बाईने दुसऱ्या माराची वाट पाहायची का?

दुसरी खोट त्याहून मोठी होती. नवऱ्याने स्वतःच्या बचावासाठी किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी काही केलं असेल आणि ते वाजवी असेल, तर बाईला झालेली इजा हिंसाचारात धरायची नाही, अशी सूट ठेवली होती. म्हणजे 'घरातली बकरी विकायला निघाली होती, म्हणून हात उचलला', असं म्हणायला नवरा मोकळा. बहुतेक घरांत शेत, घर, जनावरं पुरुषाच्याच नावावर असतात. मग ही सूट कोणाच्या कामी आली असती?

तिसरी खोट घराची. सासरच्या घरात राहण्याचा हक्क बाईला स्पष्ट दिलेला नव्हता. रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला पहिलं हवं असतं ते छप्पर, आणि त्याबद्दलच विधेयक गप्प होतं.

संघटनांपुढे पेच होता. असं विधेयक पडलं, तर दुसरं कधी येईल, याचा भरवसा नव्हता. अर्धा का होईना, आज पदरात पाडून घ्यावा, पुढे दुरुस्त करता येईल, असं कोणालाही वाटणं साहजिक होतं. पण ती सूट एकदा कायद्यात बसली असती, तर माराला कायद्याचाच आधार मिळाला असता. म्हणून संघटनांनी विरोध केला. नुसता निषेध केला नाही, तर कोणता शब्द काढायचा, त्या जागी कोणता घालायचा, हे लिहून दिलं. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीने संघटनांचं म्हणणं ऐकलं आणि डिसेंबर २००२ मध्ये अहवाल दिला. २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक तसंच रद्द झालं.

नवा कायदा २००५ मध्ये मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या नकाराची किंमत होतीच. मधली चार-साडेचार वर्षं मार खाणाऱ्या बायांच्या हातात असा कायदा नव्हता. पण आला तो वेगळा आला. 'वारंवार' गेलं. मालमत्तेची सूट गेली. मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिवीगाळ, अपमान आणि पैसे अडवून ठेवणं हेही हिंसाचारात आलं. घर कोणाच्याही नावावर असो, तिथे राहण्याचा हक्क लिहिला गेला. लग्नासारख्या नात्यात सोबत राहणाऱ्या बाईलाही संरक्षण मिळालं. हा कायदा सर्व धर्मांच्या आणि आदिवासी बायांनाही लागू आहे.

तरी शब्दांची लढाई संपली नाही. डिसेंबर २००६ मध्येच सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात म्हटलं, की घर सासूच्या मालकीचं असेल, तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. हा अर्थ चुकीचा होता, हे त्याच कोर्टाने सांगितलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. मधे चौदा वर्षं गेली.

आज कोणा बहिणीला हा कायदा वापरायचा असेल, तर तिने संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं, पोलिसांकडे जावं किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. बाईला सरकारी वकील-मदत फुकट मिळते, त्यासाठी विधी सेवा समितीकडे विचारावं. १८१ या नंबरवर फोनही करता येतो. एकदाच मारलं, मग तक्रार कशी करू, असं कोणी म्हणालं, तर तिला सांगा, की तो 'वारंवार' शब्द बायांनी भांडून काढायला लावला आहे.

आणि ग्रामसभेत बायांसाठीचा ठराव आला, तर सही-अंगठा करण्याआधी तो मोठ्याने वाचायला सांगा. त्यात 'शक्य झाल्यास', 'गरजेनुसार' असे शब्द आले, की उठून विचारा, गरज कोण ठरवणार? उत्तर नीट मिळालं नाही, तर शब्द बदलून मागा.