गळाचा दोर आणि त्याचा पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण हेकट माणसाला उद्देशून वापरली जाते. परंतु ती ज्यानें प्रथम उच्चारली त्याला दोराचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. विणकर, सूत कांतणारा आणि गळ टाकून मासे धरणारा, या तिघांनाही पीळ चुकत नाहीं. फरक इतकाच कीं, कांतणाऱ्याला तो हवा असतो आणि गळ टाकणाऱ्याला तो नको असतो. हा नको असलेला पीळ घालविण्याची युक्ति शेवटीं एका कापड-गिरणीच्या धन्याला सुचली, आणि ती सुचण्याला कित्येक शतकें जावीं लागलीं.

इंग्लंडांत गळाच्या विद्येवर छापलेलें पहिलें प्रकरण इ. स. १४९६ मधील आहे. विंकिन डी वर्ड या मुद्रकानें तें एका मोठ्या ग्रंथांत समाविष्ट केलें, आणि परंपरेनें तें डेम ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नांवावर मोडतें. विद्वानांना मात्र ही परंपरा संशयास्पद वाटते. त्यांत दोर करावयाचा तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. कोणत्या माशाला किती केस पिळावे याचें कोष्टकच दिलें आहे : अगदीं लहान माशाला १ केस, ट्राउटला ९, मोठ्या ट्राउटला १२ आणि सामन माशाला १५. पाण्याच्या व ऋतूच्या रंगाप्रमाणें केस निरनिराळ्या रंगांत रंगविण्याच्या कृतीही तेथें आहेत. दोर निवडण्याचें शास्त्र तेव्हांच किती बारकाईला पोंचलें होतें हें यावरून दिसतें.

हा केसांचा दोर काठीच्या शेंड्यालाच बांधलेला असे. त्यामुळें त्याची लांबी बेताची, आणि पिळाची तक्रारही बेताचीच. आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला. सामन धरतांना कांहीं लोक काठीला हाताजवळ एक चाक बसवितात, एवढा उल्लेख त्याच्या ग्रंथांत येतो. युरोपला हें चाक नवें होतें, चीनला नव्हे. सुंग काळांतील मा युआन या चित्रकाराच्या, सुमारें ११९५ च्या एका चित्रांत हिंवाळी सरोवरावर एकटा बसलेला कोळी आहे, आणि त्याच्या काठीला रीळ स्पष्ट दिसतें. रिळाचें याहून जुनें चित्र उपलब्ध नाहीं.

रीळ आल्यावर केसांचा दोर मागें पडणें अपरिहार्य होतें. गांठींगांठींचा दोर काठीच्या कड्यांतून सुरळीत धांवत नाहीं. रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स यानें १६६७ च्या मार्चमध्यें रोगण दिलेल्या तांतीची वाखाणणी नोंदवून ठेवली आहे. पुढें तेल पाजलेल्या रेशमी दोरानें जागा घेतली. हा दोर बळकट खरा, पण लाडावलेल्या पोरासारखा. प्रत्येक खेपेनंतर उलगडून वाळवला नाहीं तर कुजून जाई.

दोराच्या शेवटच्या टोंकाला, जेथें माशाची नजर पडते तेथें, स्पेनमधील मुर्सिया प्रांताचा माल लागे. कोश करण्याच्या बेतांत आलेला रेशमाचा किडा व्हिनेगरमध्यें बुडवून मारीत, त्याच्या पोटांतील रेशमाच्या ग्रंथि काढीत, आणि त्या दोन्ही हातांनीं ओढून लांबवीत. हवा लागतांच त्याचा चिवट, पारदर्शक धागा बने. एका ग्रंथीपासून हातभर लांबीचा तुकडा निघाला म्हणजे पुष्कळ. म्हणून तुकड्याला तुकडा गांठून जोडीत. वापरण्यापूर्वीं तो भिजवावा लागे, नाहींतर गांठीपाशीं तडकत असे. साहेबाचा सामन ज्या धाग्यावर लोंबे, तो मुर्सियाच्या कष्टकऱ्यांच्या बोटांतून निघालेला असे. गळविद्येच्या जुन्या ग्रंथांनीं मात्र त्यांची आठवण फारशी ठेवली नाहीं.

आतां पिळाकडे वळूं. चरख्यावर सूत कसें होतें हें बहुतेकांनीं पाहिलें आहे. चाती फिरते, सूत तिच्या टोंकावरून घसरतें, आणि चातीच्या प्रत्येक फेऱ्याला सुतांत एक पीळ भरतो. स्थिर कांडीच्या टोंकावरून दोर सुटला तरी तेंच होतें : प्रत्येक वेढ्यामागें एक पीळ. उलट फिरत्या कांडीच्या बाजूनें दोर सरळ ओढला तर पीळ पडत नाहीं, परंतु दोर फेंकतांना ती जड कांडी स्वतः फिरवावी लागते. हलकें आमिष तिला फिरवूं शकत नाहीं. आणि एकदां ती वेगांत आली म्हणजे आमिष पाण्यांत पडल्यावरही फिरतच राहते व दोराचा गुंता होतो.

स्कॉटलंडांतील पर्थ गांवच्या पीटर मॅलक यानें १८८४ सालीं यावर तोड काढली. फेंकतांना रीळ काटकोनांत वळवावयाचें, म्हणजे दोर कांडीच्या टोंकावरून निसटतो. मग तें पुन्हां सरळ करून गुंडाळावयाचें. दोर लांब गेला, पण फेंकतांना पीळ पडे आणि गुंडाळतांना तो निघत नसे. शंभर वेढ्यांचे शंभर पीळ, दुसऱ्या खेपेस आणखी शंभर! यासाठीं कांडी उलटी बसविण्याची सोय करण्यांत आली, म्हणजे पुढच्या खेपा विरुद्ध दिशेनें पिळीत व हिशेब कसाबसा जुळे.

खरें उत्तर यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड या लोंकरीच्या गांवांतून आलें. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ हा तेथील कापडधंद्यांतला गृहस्थ. मागांतील कांडी स्वतः फिरत नाहीं व सूत तिच्या टोंकावरून सुटत जातें, हें दृश्य त्याच्या रोजच्या पाहण्यांतलें. १९०५ सालीं त्यानें घेतलेल्या पेटंटांतील रिळांत कांडी फेंकतांनाही स्थिर आणि गुंडाळतांनाही स्थिर. तिच्याभोंवतीं एक हात फिरून दोर गुंडाळतो. जातांना पडलेला प्रत्येक पीळ येतांना उलट्या फेऱ्यानें निघून जातो. इतकी साधी गोष्ट! तरी आधींच्या कारागिरांना ती दिसली नाहीं, कारण ते चाकाचा विचार करीत होते, सुताचा नव्हे.

या रिळाला बारीक व अखंड दोर हवा होता, आणि तो पुढें रसायनशाळेंतून आला. अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनींत वॉलेस करॉदर्स याच्या हाताखालीं २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं नायलॉन प्रथम तयार झालें. १९३७ च्या एप्रिलमध्यें या मनस्वी शास्त्रज्ञानें आत्महत्या केली; नायलॉनची जाहीर घोषणा १९३८ मध्यें झाली, ती ऐकावयास तो नव्हता. महायुद्धांत नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळलें. युद्धानंतर एकेरी धाग्याचा नायलॉन-दोर सर्वत्र पसरला आणि मुर्सियाचा धंदा बसला. नायलॉन कुजत नाहीं, हा त्याचा गुण. तुटून पाण्यांत राहिलेला दोर पक्ष्यांच्या पायांत वर्षानुवर्षें अडकतो, हा त्याच गुणाचा दोष.

आज निवड मुख्यतः तिघांत आहे. नायलॉन स्वस्त, ताणाला लवचिक, परंतु कांडीचें वळण मनांत धरणारा. फ्लोरोकार्बनचा दोर पाण्यांत कमी दिसतो, कारण त्याचा वक्रीभवनांक सुमारें १·४२, म्हणजे नायलॉनपेक्षां पाण्याच्या १·३३ ला अधिक जवळ. मात्र तो ताठर असतो. पॉलिएथिलीनचा विणीचा दोर बारीक असून अत्यंत बळकट आणि जवळजवळ न ताणणारा. पण गुळगुळीत कांडीवर घसरतो, म्हणून तळाशीं थोडा नायलॉन गुंडाळावा लागतो. नवशिक्यानें नायलॉनच घ्यावा. त्याच्या लवचिकपणांत हाताच्या चुका खपून जातात.

इलिंगवर्थच्या युक्तीनें पीळ संपला असें मात्र नाहीं. मासा जोरानें ओढीत असतांना आणि दोर घसरून बाहेर जात असतांना घाईनें मूठ फिरवली, तर दोर आंत येत नाहीं व पीळ तेवढा भरतो. मुठीच्या एका फेऱ्यांत रिळाचा हात पांच वेळां फिरत असेल तर पांच पीळ. गरगर फिरणारें आमिषही पीळ घालतें. त्यासाठीं दोन्ही टोंकें स्वतंत्र फिरणारी धातूची कडी मध्यें बांधतात. कित्येकदां तर दोष रीळ भरतांनाच शिरतो. दुकानांतून आणलेली कांडी पेन्सिलीवर ओंवून फिरती ठेवली, तर स्थिर रिळांत प्रत्येक वेढ्यास पीळ पडतो. ती जमिनीवर आडवी ठेवावी, दहा-वीस वेढे भरावे आणि दोर सैल सोडून पाहावा. तो वेटोळीं घालूं लागला तर कांडी उलटी करावी. आधींच पिळलेल्या दोरावर नावाड्यांचा उपाय असा, कीं आमिष, गळ, कडी सर्व सोडून नुसता दोर चालत्या नावेमागें लांबवर सोडून द्यावा. पाण्याच्या ओढीनें मोकळें टोंक उलटें फिरत राहतें. थोड्या वेळानें दोर गुंडाळून घ्यावा.