यंत्राच्या दारी मराठी अक्षर

बडोद्याच्या जुन्या कोटाचा पश्चिमेकडील दरवाजा तो लहरीपुरा दरवाजा. न्यायमंदिराकडून येणारा मनुष्य त्याच्या कमानीखालून मांडवीच्या वाटेला लागतो. आत कसे शिरावे हे त्याला कोणी शिकवीत नाही, आणि तू कोणत्या बनावटीच्या वाहनातून आलास असेही कोणी विचारीत नाही. परंतु इसवी सन २००० च्या सुमारास लहरीपुऱ्यातील किंवा जवळच्या दांडिया बाजारातील एखाद्या मराठी घराने पुण्यामुंबईचे वृत्तपत्र संगणकावर वाचण्याचे मनात आणले, तर त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या दाराची रीत अगदी निराळी होती. पहिल्याच पानावर सूचना असे : हे पान अमुक ब्राउझरमध्ये, अमुक आकाराच्या पडद्यावरच नीट दिसेल, आधी आमचा फाँट उतरवून घ्यावा. सूचना बहुधा इंग्रजीत असे. मराठी वाचावयास आलेल्या आजोबांना मराठीच्या दाराशी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे.

ही अडवणूक बडोद्यात अधिक जाणवावी यास कारण आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था त्याच्याकडे सोपविली, आणि पुढे फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. वाचक ग्रंथापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथाने वाचकाकडे जावे, ही त्यामागील दृष्टी. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली बडोदे गुजरातेत राहिले. तेव्हापासून तेथील मराठी घरांचा महाराष्ट्राशी असलेला धागा मुख्यतः वाचनाचाच. दुसऱ्या दिवशी टपालाने येणारे वृत्तपत्र त्याच सकाळी पडद्यावर दिसणार, ही त्या घरांना केवढी सोय वाटली असेल!

यंत्रापुढे मराठीला मान वाकवावी लागल्याची ही पहिली वेळ नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे तेथील छापखान्यात नव्हते. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि अंगरखा मात्र परका. तेच पुराण देवनागरीत मुद्रित होऊन वाचकांच्या हाती यावयास १९५६ साल उजाडावे लागले. पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ती आवृत्ती सिद्ध केली. मधली तीनशे चाळीस वर्षे! पुढे टंकलेखन यंत्र आले, तेव्हा कळांच्या मर्यादेपायी कित्येक अक्षरे अर्धी उमटवून मागाहून काना जोडण्याची युक्ती निघाली. सावरकरांनी सुचविलेल्या ‘अि’, ‘अु’ या स्वररूपांमागेही खिळ्यांची संख्या कमी व्हावी हा एक हेतू होता.

संगणकाची अडचण याच कुळीची, परंतु अधिक कपटी. संगणक अक्षर साठवीत नाही, क्रमांक साठवितो. मराठी फाँट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसविले, आणि प्रत्येकाने आपापल्या मर्जीने बसविले. एका फाँटमध्ये ज्या क्रमांकावर ‘क’, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात वेलांटी. शिवाजी, किरण, श्रीलिपी हे फाँट ज्यांनी वापरले, त्यांना हा अनुभव नवा नाही. योग्य फाँट नसेल तर पानावर परकी अक्षरे, टिंबे नि चिन्हे यांचा पसारा दिसे. त्यावर तोड म्हणून पानाबरोबर आपोआप येणारे फाँट निघाले. पण इंटरनेट एक्स्प्लोररची तऱ्हा वेगळी आणि नेटस्केपची वेगळी, आणि एकीतले दुसरीला उमगत नसे. पुढे फायरफॉक्स आला, तेव्हा एक्स्प्लोररसाठी बांधलेली मराठी पाने त्यात विस्कटू लागली. वाचकाला वाटे, आपलेच काही चुकले.

वस्तुतः उपाय ठाऊक होता. भारतीय लिप्यांसाठी सामायिक क्रमांकांचे भारतीय मानक १९९१ साली ठरले होते, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. मात्र घरोघरी असलेल्या विंडोज ९८ ला ती जागा पुरती कळत नव्हती. विंडोज २००० ने देवनागरी स्वीकारली. विंडोज एक्सपीत ती होती, पण सेटिंगच्या आतल्या खणात एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग यंत्र मूळ तबकडी मागे. ती तबकडी किती घरांत सापडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. २००१ पूर्वी निराळे फाँट वापरणाऱ्यांना दोष देता येत नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे ते चालू राहिले, यात मात्र अडचणीपेक्षा सवयीचा नि धंद्याचा भाग अधिक होता.

युनिकोड आल्यावरही मराठीची काही गाऱ्हाणी उरलीच. ‘ॲ’ हे अक्षर त्यात स्वतंत्रपणे दाखल झाले २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवू गेले की मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे, म्हणजे आज ज्याला सारे ‘ॲप’ म्हणतात, तो शब्दच यंत्राला लिहिता येत नव्हता. दुसरे गाऱ्हाणे अर्ध्या ‘र’चे. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून यंत्रकर्त्यांच्या ते ध्यानी उशिरा आले. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास, ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस. यंत्र ‘ऱ्या’ मांडू शकले नाही, की पंक्तीचे आमंत्रण विद्यापीठात जाऊन पोहोचे!

इंटरनेट एक्स्प्लोररचा कारभार १५ जून २०२२ रोजी थांबला. ज्या पानांनी केवळ त्याच्याशी सोयरीक केली होती, ती तत्पूर्वीच निराधार झाली होती. त्या काळच्या जतन झालेल्या मराठी पानांपैकी अनेक आज उघडली असता अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यांत निवडणुकांचे निकाल आहेत, अग्रलेख आहेत, कोणाच्या तरी निधनाची वार्ता आहे. परंतु शोधयंत्रात मराठी शब्द घातला तर त्यांतले काहीच हाती लागत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते मराठी नाहीच. जुने फाँट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये पालटणारी साधने काही जाणकारांनी तयार केली आहेत. त्यांनाही प्रत्येक फाँटचा तक्ता निराळा करावा लागतो, आणि ज्या फाँटचा तक्ता झालेला नाही त्यातील पाने अजून तशीच पडून आहेत.