लेजर, टोटल आणि आपण

"युनियनवाल्यांनी कॉम्प्युटर अडवले म्हणून आपण मागे राहिलो!" आयटीवाल्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. मीही बोललोय. पण त्या काळी मोठ्या बँकेत नोकरी म्हणजे काय, ते बघा.

प्रत्येक खात्याचं पान जाडजूड लेजरमध्ये. कारकुनाने नोंद करायची, अधिकाऱ्याने तपासून सही करायची. 'बॅलन्सिंग' म्हणजे एकेका खात्याची शिल्लक उतरवून बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. दहा पैशांचा फरक आला तरी शोधा! सहामाही क्लोजिंगला तर व्याजसुद्धा हाताने, रात्र शाखेतच.

१९८३ मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीने शाखांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. मग आलं 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. आतून कॉम्प्युटरच, पण नाव लेजरचं. (मार्केटिंगवाल्यांनी शिकावं.) ते चालवणाऱ्याला वेगळा भत्ताही होता.

भीती नोकरीची होती. ती अगदीच वेडगळ होती का? २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. सगळा दोष कॉम्प्युटरचा नाही आणि सक्तीही नव्हती. पण कागदावरची ती कामं उरली नव्हती, हे खरंच.

आजच्या बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये 'जीएल' आहेच, म्हणजे तेच जनरल लेजर. नोंद करणारा 'मेकर', मंजूर करणारा 'चेकर'. डिझाइन कुणाचं, ते आता तुम्हीच सांगा.