पाहुण्याचा मासा, तांडेलाची विद्या

फ्लोरिडाच्या धक्क्यांवर वसंतात एक ठरलेला व्यवहार चालतो. पाहुणा पहाटे येतो तो जवळजवळ रिकाम्या हातांनी. होडी, इंधन, बर्फ, गळकाठ्या, आमिष सगळे कप्तानाचे. पाहुण्याचा मासेमारीचा परवानासुद्धा होडीच्या परवान्यातच आलेला असतो. मासा कुठे आहे ते कप्तान शोधतो, आमिष खलाशी ओवतो, दोर किती सोडायचा ते तोच ठरवतो. मासा लागला की मात्र बाकीचे हात मागे होतात आणि काठी पाहुण्याकडे जाते. संध्याकाळी धक्क्यावर फोटो निघतो तो पाहुण्याचा.

पैसे मोजून दुसऱ्याचा घाम विकत घ्यावा ही जगाची रीत. इथे माणूस पैसे मोजतो आणि घामही स्वतःच गाळतो. भाड्याच्या होडीतून भर समुद्रात मासा गरवण्याचा हा शौक आज उबदार पाण्याच्या बहुतेक किनाऱ्यांवर पसरला आहे, पण त्याचे वय दीडशे वर्षांच्या आतले आहे. त्याच्या जन्माला एक असा मासा कारणीभूत झाला, जो फ्लोरिडात कोणी चवीने खात नाही.

हा मासा म्हणजे टार्पन. रुपेरी, तळहाताएवढ्या खवल्यांचा, शंभर किलोंच्या वर जाणारा आणि काट्यांनी भरलेला. जबडा इतका टणक की गळ रुतता रुतत नाही, आणि रुतलाच तर मासा पाण्याबाहेर पुरुष-दीड पुरुष उंच उडून तो झटकून टाकतो. कोळ्याच्या लेखी असला मासा म्हणजे जाळ्याचे नुकसान. हौशी मंडळी त्याच्यावर भाला फेकीत. काठी आणि रिळाने तो निघणार नाही, असेच सर्वांनी धरून ठेवले होते.

1885 च्या वसंतात न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वुड यांनी फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, पुंटा रासाजवळ, 93 पौंडांचा म्हणजे सुमारे 42 किलोंचा टार्पन काठीने काढला. पुंटा रासा हे तेव्हा क्यूबाहून येणाऱ्या तारेचे ठाणे. 1867 साली समुद्रतळावरून टाकलेली तार तिथे जमिनीवर येई, आणि ठाण्याचा तारमास्तर जॉर्ज शुल्ट्झ तिथल्याच लाकडी बराकीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची उतरण्याची सोय करी. वुडच्या माशाची बातमी छापून आली आणि दोन-चार वर्षांत न्यूयॉर्कचे व्यापारी, इंग्लंडचे उमराव त्या बराकीत खोल्या मागू लागले.

पाहुणे आले, पण टार्पन कुठे असतो हे त्यांना काय ठाऊक? ते ठाऊक होते बोय पकडून खारवणाऱ्या स्थानिक मच्छीमारांना. वसंतात, विशेषतः मे-जूनच्या अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाचे पाणी ओहोटीबरोबर त्याच किनाऱ्यावरच्या बोका ग्रांदेच्या खाडीमुखातून सुटले की त्यासोबत लहान खेकड्यांचे लोट वाहत येतात, आणि त्या लोटाखाली टार्पन तोंड उघडून उभे असतात. वर्षानुवर्षे पाणी बघून कमावलेल्या या ज्ञानाला तोवर बाजारभाव नव्हता. आता तो आला. बोयींनी भरलेल्या होडीपेक्षा एका पाहुण्याचा एक दिवस जास्त पैसे देऊ लागला, आणि कोळ्याचा वाटाड्या झाला.

मेक्सिकोच्या आखाताच्या दुसऱ्या टोकाला, टेक्ससमध्ये, एका गावाने तर आपले नावच काही काळ टार्पन ठेवले होते. आजचे पोर्ट अरान्सस ते हेच. तिथल्या टार्पन इन या हॉटेलाच्या भिंतींवर पाहुण्यांनी आपापल्या माशाचा एकेक खवला सही करून ठोकला आहे. असे हजारो खवले तिथे आहेत आणि त्यांत 1937 साली आलेल्या अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचाही आहे. याच गावात फार्ली कुटुंबाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टार्पनसाठीच म्हणून होड्या बांधायला घेतल्या. इथे एक मोठा पालट झाला. कोळ्याच्या होडीत सर्वांत मोठी जागा माशांची असते. या होडीत ती माणसांची झाली.

धंदा असा किनाऱ्याकिनाऱ्याने जन्मला, पण त्याला नियम मिळाले ते दूर पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर. निसर्गलेखक चार्ल्स फ्रेडरिक होल्डर 1886 साली तिथे आले, तेव्हा लोक जाड हातदोऱ्यांनी मोठाले मासे सपासप ओढून काठावर सडायला टाकीत होते. त्याचा त्यांना संताप आला. 1 जून 1898 रोजी होल्डरनी 183 पौंडांचा, म्हणजे 83 किलोंचा कुपा (ट्यूना) काठीने काढला. नावाडी होडी हाकत होता आणि मासा ती तासन्‌तास फरफटत नेत होता. त्याच वर्षी बेटावरच्या अव्हॅलॉन गावात ट्यूना क्लब निघाला. क्लबाने दोर किती बारीक असावा याची मर्यादा घातली आणि दुसऱ्या कोणी काठीला हात लावायचा नाही असे ठरवले. मासा आणि माणूस यांची झुंज बरोबरीची व्हावी, हा हेतू.

हेतू उदात्त, पण त्याचा भार पडला तो नावाड्यावर. दोर बारीक झाला, मदतीला बंदी आली, आणि पाहुणा तर नवशिकाच. मग मासा निघायचा कसा? या धंद्यातली बहुतेक अवजारे आणि युक्त्या या प्रश्नातून जन्मल्या.

पहिली अडचण रिळाची. जुन्या रिळांना रोध नव्हता. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटे सोलवटून काढी. दोर आवरायला रिळावरच्या चामड्याच्या पट्टीवर अंगठा दाबून धरावा लागे. विल्यम बॉशेन या कॅटलिनाच्या गळवाल्याने रिळाच्या पोटात रोध बसवण्याची कल्पना काढली आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियस फॉम होफेने तसे रीळ घडवले. आत एकावर एक चकत्या, बाहेर चांदणीच्या आकाराचे चाक. चाक आवळले की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. मासा पळताना दोर ताणात सुटत राहतो, पण मूठ जागची हलत नाही. 1913 साली बॉशेननी याच रिळावर 358 पौंडांचा तलवार मासा काढला. काठी-रिळावर निघालेला तो पहिला तलवार मासा मानतात. होडी होती जॉर्ज फार्न्सवर्थची.

फार्न्सवर्थ हे अव्हॅलॉनच्या नावाड्यांतले बिलंदर डोके. कुपा इंजिनाच्या आवाजाला बुजतो, होडी जवळ आली की खोल जातो. फार्न्सवर्थने होडीतून पतंग उडवला, पतंगाच्या दोराला गळाचा दोर अडकवला, आणि आमिषाचा उडता मासा होडीपासून लांब, पाण्याच्या पृष्ठभागावर टुणटुण नाचवला. इतर नावाड्यांना ही युक्ती कळू नये म्हणून तो बराच लांब जाऊन पतंग काढी, असे सांगतात. पतंगाने मासे धरणे जगाला नवे नव्हते. इंडोनेशियात आणि सॉलोमन बेटांवर कोळी पानांचे पतंग उडवतात आणि सॉलोमनमध्ये त्याला गळाऐवजी कोळिष्टकांचा गुंता बांधतात. सुईसारख्या तोंडाच्या माशाचे दात त्यातच अडकतात. तिकडे ती पोटाची विद्या होती. कॅटलिनात ती पाहुण्याच्या हौसेला जुंपली गेली.

अटलांटिकच्या बाजूला हा शौक नेला आगगाडीने. हेन्री फ्लॅगलरची रेल्वे फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवरून सरकत 1912 च्या जानेवारीत की वेस्टला पोहोचली. वाटेतल्या लाँग की बेटावर रेल्वेनेच गळवाल्यांसाठी तळ उभारला. कादंबरीकार झेन ग्रे तिथल्या क्लबाचे अध्यक्ष होते. इथली सोय अशी, की गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह किनाऱ्यापासून काही मैलांवरूनच वाहतो. हिरवट पाणी संपून गडद निळे सुरू होते ती रेघ डोळ्यांना दिसते, आणि त्या रेघेवर तरंगत्या शेवाळाखाली मासा असतो. वसंतात माही-माही माशांचे थवे याच कडेने वर सरकतात. खोल समुद्र एरवी दिवसभराच्या अंतरावर. इथे तो न्याहारीनंतर गाठता येतो.

इथला मानाचा मासा म्हणजे पाठीवर शिडासारखा पर असलेला सेलफिश. तो आमिषाला टोचा मारतो आणि पाहुणा लगेच हिसका देतो. हाती काही येत नाही. कप्तान बिल हॅच याने 1910 नंतरच्या दशकात नीट पाहून ओळखले, की सेलफिश आधी लांब चोचीने भक्ष्याला मारतो आणि ते निपचित पडले की मग उलटून गिळतो. म्हणून टोचा बसताच ताणायचे नाही, उलट दोर सैल सोडायचा. आमिष मेल्यासारखे बुडते, मासा ते निवांत गिळतो, मग ताणायचे.

पण हिसका न देणे नवशिक्याला शिकवायचे कसे? त्याचे उत्तर 1930 च्या दशकात दुसऱ्या एका कप्तानाने, टॉमी गिफर्डने, लाकडात उतरवले. त्याने होडीच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे आडवे काढले. गळाचा दोर दांड्याच्या टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवायचा. आमिष होडीच्या फेसाबाहेर उड्या मारत राहते. टोचा बसला की दोर चिमट्यातून निसटतो आणि आपोआप सैल पडतो. हॅचची सबुरी जणू बांबूला बांधून टाकली. पाहुण्याने घाई केली तरी आता फारसे बिघडत नव्हते.

याच काळात अर्नेस्ट हेमिंग्वे की वेस्टला राहत होते. स्वतःची ‘पिलार’ ही होडी त्यांनी 1934 मध्ये घेतली. त्याआधी एडी ‘ब्रा’ साँडर्स या कप्तानाच्या होडीतून ते जात. साँडर्सने बुडालेल्या एका जहाजाची हकिकत त्यांना सांगितली आणि तिच्यावरून ‘आफ्टर द स्टॉर्म’ ही कथा झाली. म्हणजे पाहुण्याने कप्तानाचा मासा नेला, गोष्टही नेली. हेमिंग्वेंना त्याची जाणीव नसावी असे मात्र म्हणवत नाही. 1937 च्या ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ या कादंबरीचा नायक हॅरी मॉर्गन भाड्याच्या होडीचा कप्तानच आहे. तीन आठवडे होडी वापरणारा गिऱ्हाईक त्याची काठी आणि रीळ समुद्रात घालवतो, भाडे बुडवून विमानाने पळतो आणि हॅरीची चोरट्या धंद्याकडे घसरण सुरू होते. मंदीच्या काळात एका पाहुण्यावर एका घराची चूल किती टांगलेली असे, हे त्या कादंबरीने नेमके पकडले आहे.

जून 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आंतरराष्ट्रीय गळ-मासेमारी संघटना स्थापन झाली. मायकेल लर्नर यांचा त्यात पुढाकार होता. अव्हॅलॉनचा नियम आता जगाचा झाला: मासा लागल्यापासून हाती येईपर्यंत काठी, रीळ, दोर यांना दुसऱ्याचा हात लागला की विक्रम बाद. दरम्यान होडी मात्र अधिकाधिक दुसऱ्याच्या हाताने चालणारी होत गेली. मागच्या फळीवर गोल फिरणारी, पाय रोवायला पट्टी असलेली खुर्ची आली. मोठा मासा लागला की कप्तान होडी उलटी हाकत त्याच्यामागे जातो, आणि अर्धी झुंज त्या उलट्या हाकण्यातच जिंकली जाते. 1947 साली वेस्ट पाम बीचच्या रायबोविच बंधूंनी ‘मिस शेवी 2’ ही केवळ याच कामाची होडी बांधली. पुढे त्यांनीच वर उंच मनोराही चढवला, म्हणजे कप्तानाला तिथून मासा दिसावा आणि तिथूनच होडी चालवावी.

कायद्याचा हात पडला तो अपघातानंतर. 1 सप्टेंबर 1951 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या माँटॉकपाशी ‘पेलिकन’ ही होडी 64 जणांना घेऊन उलटली आणि 45 जण बुडाले. माणशी पैसे घेऊन मिळतील तेवढे पाहुणे भरण्याची रीत त्यामागे होती. 1956 च्या कायद्याने सहापेक्षा जास्त पाहुणे नेणाऱ्या होड्यांची सरकारी तपासणी सक्तीची केली. अमेरिकेत आज बहुतेक लहान चार्टर होड्या सहाच पाहुणे घेतात, ते म्हणूनच.

गेल्या काही दशकांत व्यवहाराचे उरलेले टोकही बदलले. 2013 पासून फ्लोरिडात टार्पन पकडून सोडून द्यावाच लागतो. विक्रमासाठी ठेवायचा तर वेगळे शुल्क भरून चिठ्ठी घ्यावी लागते. सेलफिशही बहुधा परत जातो, आणि धक्क्याकडे वळताना होडी त्याच्या चित्राचे निशाण उलटे लावते: पकडला आणि सोडला. भिंतीवर लावायचा मासा लांबी-रुंदी मोजून फायबरग्लासचा बनवून मिळतो.

मग पाहुणा आता नेमके कशाचे पैसे मोजतो? मासा त्याला मिळत नाही, आणि घाम तर त्याचा स्वतःचाच. उरते ते पहिल्या दिवसापासून विक्रीला असलेले: ओहोटी कधी सुटेल, निळ्या पाण्याची रेघ आज कुठे सरकली असेल, दोर किती वेळ सैल ठेवायचा. विक्रमांच्या यादीत माशाचे वजन, ठिकाण आणि पाहुण्याचे नाव छापले जाते. पुढच्या वसंताच्या उधाणाची आगाऊ नोंदणी मात्र कप्तानाचे नाव विचारून होते.