कापसाचा ओएच आणि मँचेस्टरचा रंग

मूर्तिजापूरला ज्यांनी कधी गाडी बदलली असेल, त्यांना 'शकुंतला' सांगायला नको. यवतमाळ आणि अचलपूरकडून येणारी ही नॅरोगेज किलिक निक्सन कंपनीनं टाकली ती वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनपर्यंत आणायला. तिथून तो मुंबईला, पुढं इंग्लंडच्या गिरण्यांत. या कापसावरूनच न्यूक्लिओफिलिक सबस्टिट्यूशन समजून घेऊ, कारण पीएचडीच्या मुलाखतीत मी इथंच अडकले होते. 'रिअ‍ॅक्टिव्ह डाय कापसाला कसा जोडला जातो?' असं विचारलं, आणि मी 'एसएन२' म्हणून मोकळी झाले. चूक!

आधी कापूस बघा. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन ओएच. म्हणजे न्यूक्लिओफाइल आपल्या वावरातच उभा आहे! तरी रंग बराच काळ धाग्यात नुसते अडकून किंवा कमजोर आकर्षणावर टिकून राहायचे. १९५४ मध्ये मँचेस्टरला आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन यांनी डायक्लोरोट्रायझिन असलेला रंग अल्कलीत कापसाशी थेट कोव्हॅलंट बंधानं जोडून दाखवला. १९५६ मध्ये हे रंग 'प्रोसिऑन' नावानं बाजारात आले. (पर्किनच्या मॉव्हला त्याच वर्षी १०० वर्षं झाली होती.)

आता माझी चूक. एसएन१ आणि एसएन२ ही नावं ह्यूज आणि इंगोल्ड यांनी लंडनमध्ये १९३० च्या दशकात रुळवली, तीही संतृप्त कार्बनसाठी. एसएन२ मध्ये न्यूक्लिओफाइल लिव्हिंग ग्रुपच्या बरोबर मागून येतो. ट्रायझिनमध्ये मागं तर रिंगच आहे, येणार कुठून? म्हणून सेल्युलोजचा ऑक्सिजन आधी रिंगच्या वरच्या बाजूनं कार्बनला जोडला जातो, ऋणभार रिंगमधले नायट्रोजन सांभाळतात, आणि मग क्लोराइड निघून जातो. आधी अ‍ॅडिशन, मग एलिमिनेशन. साध्या क्लोरोबेंझिनमध्ये हा भार सांभाळायला कोणी नाही, म्हणून तो त्याच भांड्यात ढिम्म बसतो.

मुंबईच्या यूडीसीटीत के. वेंकटरामन यांचा 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' हा ग्रंथ १९५२ मध्ये आला, म्हणजे प्रोसिऑनच्या आधी. १९५७ मध्ये ते पुण्याच्या एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच ग्रंथमालेत १९७२ मध्ये सहावा खंड निघाला, तो अख्खा रिअ‍ॅक्टिव्ह डाइजवर.

मुलाखतीतला पुढचा प्रश्न मला जास्त आवडला: रंगवताना मीठ आधी आणि सोडा नंतर का? मिठामुळे रंग पाण्यातून धाग्यावर सरकतो. मग सोडा ओएचमधला प्रोटॉन काढतो आणि खरा न्यूक्लिओफाइल तयार होतो. सोडा आधी टाकला तर रंग अजून पाण्यातच असतो, आणि तिथला हायड्रॉक्साइडही न्यूक्लिओफाइलच! तो क्लोरीनची जागा घेतो, आणि असा रंग मग कापसाशी जोडला जात नाही. नवा सुती कुर्ता पहिल्यांदा धुताना बादलीत उतरतो, त्यात हा रंग असू शकतो.