वाढदिवस, फोटो आणि गाडगेबाबा

गेल्या डिसेंबरात मी ४५ वर्षांचा झालो. आदल्या रात्री माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, "केक, शाल, पुष्पगुच्छ काही नको. आपल्या शाळेतल्या एका मुलीची दहावीच्या शिकवणीची फी भरायची आहे. जमेल ते द्या." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे जमले. मी खूश होतो. मुलीला पाकीट देतानाचा फोटो काढला आणि आभार मानून ग्रुपवर टाकला. तिचे नाव लिहिले नाही, एवढीच काय ती खबरदारी.

संध्याकाळी तो फोटो कुणाच्या तरी स्टेटसवर होता, रात्री मोहल्ल्यातल्या तीन ग्रुपवर. चार दिवस ती मुलगी शाळेत आली नाही. घरी गेलो तेव्हा तिची आजी दारातच म्हणाली, "सर, पैसा वापस ले लो. फोटो निकाल दो." फोटो काढला, पण तो फक्त माझ्याच ग्रुपवरून निघाला.

त्याच महिन्यात, २० डिसेंबरला, संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला मला शाळेत बोलायचे होते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे भाषण दरवर्षी माझ्याकडेच येते. दरवर्षी तेच सांगतो : झाडू, स्वच्छता, त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान. या वेळी मात्र वाचायला बसलो तेव्हा मनात दुसराच प्रश्न होता. आयुष्यभर लोकांकडून पैसा गोळा करणाऱ्या या माणसाने घेणाऱ्याची मान खाली जाऊ दिली नाही, ते कसे?

बाबा आपल्या विदर्भाचे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. दारूने वडिलांचा संसार बुडाला आणि डेबूजी मामाच्या घरी वाढले. पुढे स्वतःच्या मुलीचे बारसे आले. समाजाची रीत अशी की बारशाला मटण आणि दारू हवीच, त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी चालेल. डेबूजींनी पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले. पण घरातल्या आनंदाच्या दिवशी काय वाढायचे आणि कशाला नाही म्हणायचे, हे त्यांनी कीर्तनाला उभे राहण्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या अंगणात ठरवले होते. आपल्याकडे अकीका, बिस्मिल्लाह, निकाह, वलीमा यांवर होणारा खर्च आठवला की हा प्रसंग परका वाटत नाही.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. डोक्यावर खापर, हातात खराटा, अंगावर चिंध्या. गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन. ते कीर्तन म्हणजे त्या काळातले समाजमाध्यमच होते. बातमी आठवडी बाजारातून आणि जत्रेतून पसरायची, हजारो माणसे जमायची. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. लग्नासाठी कर्ज काढू नका, नवसाला जनावर मारू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शिकवा. श्रोता नुसता ऐकत नसे, उत्तर देताना तो स्वतःच बांधला जात असे. आपण फॉरवर्ड करतो तेव्हा मात्र कशातच बांधले जात नाही.

या कीर्तनांच्या बळावर पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. १९५२ मध्ये कामांचा कारभार पाहण्यासाठी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. बाबांनी स्वतःसाठी पैसा ठेवला नाही आणि घरच्यांना त्या संस्थांवर हक्क सांगू दिला नाही.

मला माझी चूक इथे दिसली. बाबांनी लोकांसमोर ठेवली ती गरज : यात्रेकरूला रात्री निजायला जागा नाही, रुग्णाच्या आईला शहरात छप्पर नाही. एखाद्या यात्रेकरूला कीर्तनात उभे करून "हा बघा गरीब" असे सांगायची वेळ त्यांच्यावर आली नाही. धर्मशाळेत उतरणाऱ्याला देणारा कोण हे ठाऊक नसते, देणाऱ्याला घेणारा कोण हे ठाऊक नसते. मी नेमके उलटे केले. गरज दोन ओळींत उरकली आणि चेहरा मोठा करून दाखवला.

१९२३ मध्ये खारेपाटणला कीर्तन सुरू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी बाबांना मिळाली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. एवढे कठोर व्हा असे मी कुणाला सांगणार नाही, मला ते जमणारही नाही. पण स्वतःचे दुःख त्यांनी वर्गणीचे साधन केले नाही, हे मी विसरणार नाही.

आपल्यासाठी हे काही नवे नाही. गरजूला उघड दिलेलेही चांगले, पण गुपचूप दिलेले अधिक चांगले, ही शिकवण सूरह अल-बकरामध्ये आहे. उपकार बोलून दाखवून सदका वाया घालवू नये, हेही तिथेच आहे. मी ते मुलांना शिकवतो.

मग मदतीबद्दल जाहीर बोलायचेच नाही का? तसे नाही. एप्रिल २०२१ आठवा. रमजानचा महिना होता आणि नागपुरात ऑक्सिजनसाठी माणसे धावत होती. आपल्या शहरातले वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी टँकर मिळवून रुग्णालयांपर्यंत ऑक्सिजन पोहोचवला. सुमारे ८५ लाख रुपये खर्च झाले. प्रशासनाने ते परत देऊ केले, तेव्हा ही जकात आहे असे सांगून त्यांनी नकार दिला. ती बातमी देशभर गेली, आणि जायलाच हवी होती. तिच्यात टँकर होता, देणारा होता, रक्कम होती. खाटेवरच्या रुग्णाचा चेहरा नव्हता.

त्याच दिवसांत आपल्या मोबाइलवर "बेड उपलब्ध" असे निरोपही फिरत होते. बेड भरून गेला तरी निरोप फिरतच राहायचा. मीही त्यातले काही पुढे ढकलले, आधी फोन करून खात्री न करता. चांगल्या हेतूने पाठवलेल्या शिळ्या निरोपाने कुणाचा तरी एक तास वाया गेला असेल. त्या दिवसांत एका तासाला काय किंमत होती, ते नागपूरकरांना सांगायला नको.

यंदा भाच्याच्या वलीम्याला आम्ही पुन्हा आवाहन केले. अहेराऐवजी शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तके. किती रुपये हवेत ते आधीच लिहिले. रक्कम पूर्ण झाली त्या संध्याकाळी "आता पाठवू नका" असा निरोप टाकला. पुस्तकांची पावती आणि जमाखर्च टाकला. फोटो फक्त कपाटाचा. एका दोस्ताने विचारले, "मुलांचा फोटो असता तर जास्त पैसे आले नसते का?" आले असते. पण हवे तेवढे आलेच होते.

ती मुलगी दहावी पास झाली. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा मी विचारले, "ग्रुपवर अभिनंदन टाकू का?" ती म्हणाली, "नको सर."

हा लेख प्रसिद्ध करण्याआधी तिला आणि तिच्या आजीला वाचून दाखवला. त्यांनी दोन ओळी काढायला सांगितल्या. त्या काढल्या आहेत.